सहा जानेवारीला जन्मलेली माणसं

आमच्या साखर कारखान्याची स्मरणिका निघणार होती, तेव्हा जुन्या लोकांनी मला निरोप पाठवला की माकणीकर साहेबांवर तुम्हीच लिहा. बाई मराठीच्या, भाषा चांगली, आणि साहेबांना जवळून पाहिलेलं. मी उलट निरोप दिला, की मी लिहिलं तर ते तुम्हाला छापता येणार नाही. त्यांना ती थट्टा वाटली असावी. महिनाभर वाट बघून त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं आणि छापलं. त्यात 'कारखान्यात संगणकयुग आणणारा द्रष्टा' असं लिहिलं आहे. मी ते वाचलं आणि ठरवलं, की आता लिहायचंच.

मी तेव्हा कारखान्याच्या हायस्कुलात होते. कॉलनीत राहायची, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि पाऊस आमच्या भागावर रुसून बसला होता. ऊस निम्म्यावर आला होता, हंगाम कसाबसा ओढत न्यायचा. कॉलनीला मात्र कारखान्याच्या तलावाचं पाणी होतं. सकाळी तासभर नळ यायचा. बाहेरच्या खेड्यांत बायका घागर घेऊन कोस-कोस हिंडत असताना आमच्याकडे नळाला पाणी होतं, म्हणून कॉलनीतलं क्वार्टर ही पगाराहून मोठी गोष्ट झाली होती. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

अशा दिवसांत कारखान्याने कॉम्प्युटर घेतला, आणि त्याच्याबरोबर माकणीकर साहेब आले. गाव माकणी, म्हणजे इथलंच. पण पुण्यात शिकलेले आणि तिथेच नोकरी केलेले. गोरेपान, कपाळ मोठं, केस मागे चापून बसवलेले. उन्हाळ्यातसुद्धा टाय बांधायचे आणि घाम कॉलरला लागू नये म्हणून मानेभोवती पांढरा रुमाल घालायचे. रुमालामुळे टाय दिसायचा नाही. मग कुणी मोठा माणूस येताना दिसला, की घाईने रुमाल काढून खिशात कोंबायचे. आम्ही शाळेच्या व्हरांड्यातून साहेबांच्या मानेकडे बघून ओळखायचो, चेअरमनची गाडी आली की नाही ते.

मशीनसाठी ऑफिसातली कोपऱ्यातली खोली निवडली. तिला काचेचं दार, जाड पडदा आणि एसी. सगळ्या कारखान्यात एसी तेवढा एकच. दाराबाहेर पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' बॉयलरवरचे, मिलवरचे कामगार पगाराचं काही विचारायला आले की दारात चपला काढायचे आणि साहेबांचं लक्ष जाईपर्यंत तिथेच उभे राहायचे. काही जण तर काचेला लांबून हात जोडायचे. साहेबांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही, की बाबा, हे देवघर नाही.

एसीचं पाणी एका नळीतून मागच्या बाजूला ठिबकायचं. दिवसाकाठी अर्धी बादली भरत असेल. झाडलोट करणारी सोजरबाई ती बादली घरी न्यायची, भांडी विसळायला. साहेबांनी ते बंद केलं. मशीनच्या खोलीमागे बाहेरच्या माणसांची ये-जा नको म्हणाले. ते पाणी मग साहेबांच्या दारातल्या दोन क्रोटनच्या कुंड्यांना जायला लागलं. सोजरबाई मला म्हणाली, "बाई, झाडाला बी तहान लागतीच की. पर त्यानं मला इचारायचं तरी." तिला राग पाण्यापेक्षा न विचारल्याचा आला होता. मला दोन्हीचा आला.

बोलण्यात साहेबांचं एक पालुपद होतं. "मशीनला विचारा." रजा किती शिल्लक? मशीनला विचारा. उसाचं बिल कधी? मशीनला विचारा. आणि विचारायला गेलं तर मशीनपाशी कुणाला फिरकू द्यायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली शोभा नावाची ऑपरेटर होती, माझीच जुनी विद्यार्थिनी. दिवसभर ती आकडे टाइप करायची आणि संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायची. आत काय चालतं ते मला तिच्याकडूनच कळायचं.

पहिल्याच महिन्यात त्या खोलीत एक अडचण आली. सगळ्या कामगारांच्या जन्मतारखा मशीनमध्ये भरायच्या होत्या. शोभा आपल्या रीतीने आधी दिवस, मग महिना असं टाइप करायची. पंधरा आठ, वीस तीन. मशीन किर्रकन ओरडायचं आणि तारीख घ्यायचं नाही. पण सात चार, दोन नऊ असली काही असेल, तर मुकाट्याने गिळायचं. तिने साहेबांना दाखवलं. साहेबांनी थोडा वेळ हनुवटी चोळली आणि सांगितलं, "जी घेत नाही ती उलटी करून टाक. जी घेते ती राहू दे."

मशीन परदेशी वळणाचं होतं. ते महिना आधी वाचायचं आणि दिवस नंतर. पंधरावा महिना नसतो म्हणून पंधरा आठला ओरडायचं. सात चार म्हणजे मात्र त्याला सात एप्रिल नव्हे, चार जुलै वाटायचं आणि ते खुशाल लिहून ठेवायचं. ही गोष्ट आमच्या शाळेतल्या सातवीच्या पोरालाही समजावता आली असती. साहेबांना ती कळली नाही असं मी कधीच मानणार नाही. कळली, पण तोवर उद्घाटन झालं होतं, चेअरमननी नारळ फोडून भाषण केलं होतं. अशा वेळी मशीन उलटं वाचतंय हे सांगणार कोण?

त्यांनी त्यावर काढलेला उपाय अजून आठवला की हसू येतं. त्यांनी मशीन सुलटं करायचं सोडून कारखाना उलटा केला. परिपत्रक काढलं, की यापुढे सर्व विभागांनी तारीख लिहिताना महिना आधी व दिवस नंतर लिहावा. आधुनिक पद्धत आहे, म्हणे.

मार्चमध्ये नोटीस लागली, की पाण्याची टाकी धुवायची असल्याने ४/३ रोजी नळ येणार नाही. कॉलनीतल्या बायकांनी चार मार्चच्या आदल्या दिवशी घागरी, पातेली, पिंपं, पोरांच्या आंघोळीच्या बादल्या, एवढंच काय पूजेचे तांबेसुद्धा भरून ठेवले. चार मार्चला नळ छान धो धो आला. बायकांनी शिळं पाणी ओतून दिलं आणि ताजं भरलं. आणि तीन एप्रिलला, ऐन उन्हात, नळाने नुसती हवा सोडली. माझ्या शेजारच्या काकू रिकामी कळशी घेऊन थेट साहेबांच्या क्वार्टरपुढे गेल्या. साहेब दारात आले आणि म्हणाले, "परिपत्रक वाचलं नाही का तुम्ही?" काकू म्हणाल्या, "परिपत्रकात आंघूळ करू का म्या?" साहेब आत गेले आणि दार लावून घेतलं. चूक दुसऱ्याची आहे हे सिद्ध झालं की त्यांचं काम संपायचं, मग समोरचा माणूस तहानेला का असेना.

साहेबांचा वाढदिवस चोवीस नोव्हेंबरला असायचा. तो त्या एसीच्या खोलीत व्हायचा. सोलापूरहून केक यायचा. मलाही बोलावणं होतं. आमच्याकडे तेव्हा मोठ्या माणसाचा वाढदिवस ही गोष्टच नवीन होती. साहेबांनी मेणबत्त्या विझवल्या आणि आम्ही कधी टाळ्या वाजवायच्या ते न कळून एकमेकांकडे बघत राहिलो.

चेअरमनना तो थाट आवडला असावा. त्यांनी हुकूम सोडला, की प्रत्येक कामगाराला वाढदिवसाला कारखान्यातर्फे पेढे द्यायचे. कुणाचा कधी ते मशीन सांगेल. नवीन वर्ष उजाडलं, आणि सहा जानेवारीला मशीनने जी यादी काढली ती दारातून बाहेर व्हरांड्यापर्यंत आली. शेकड्यांनी माणसं. मिलवरची, बॉयलरवरची, गेटवरचे वॉचमन, शेतकी विभागातले उसाच्या चिठ्ठ्या लिहिणारे चिटबॉय. अर्धा कारखाना म्हणे एकाच दिवशी जन्मलेला.

ह्यातलं इंगित आमच्या भागातल्या कुणालाही ठाऊक आहे. बाप पोराला शाळेत आणतो. हेडमास्तर विचारतात, कधी जन्मला? बाप सांगतो, ज्वारीच्या काढणीत, नाहीतर पोळ्याच्या आगंमागं. मग हेडमास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावतात. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि जन्मतारीख एक जून. शाळा जूनला उघडते म्हणून. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. आई सांगायची, की मी थंडीत झाले. कारखाना निघाला तेव्हा जी माणसं शाळेचं तोंड न बघता भरती झाली, त्यांनाही हेडक्लार्कने अंदाजाने वय विचारून तीच तारीख घातली, १/६. ती मशीनने सहा जानेवारी करून टाकली.

आणि कुणीही हरकत घेतली नाही. घेणार कशी? एक जून हीसुद्धा कुणाला आपली तारीख वाटत नव्हती. सरकारने एक दिवस दिला होता, आता कारखान्याने दुसरा दिला, वर पेढे. माणसं ओळीत उभी राहिली, सही नाहीतर अंगठा दिला, पुडा घेतला. बॉयलरवरचे किसनराव गायकवाड पुडा हातात घेऊन आमच्या शाळेवरून चालले होते. मला म्हणाले, "जयभीम बाई. म्या आज जन्मलो म्हनं. घ्या पेढा." मी घेतला. आम्ही दोघंही पोटभर हसलो.

किसनराव बॉयलरवर फायरमन होते. आवाज मोठा, भांडखोर, हलक्या कानाचे. कॅन्टीनच्या चहावरून वर्षातून चारदा भांडायचे. बौद्ध वस्तीतले, गाव जळकोटच्या पलीकडे आत. त्यांची धाकटी मुलगी विमल माझ्या वर्गात दहावीला होती. उतारवयात झालेलं लेकरू, म्हणून बापाचा जीव. त्यांच्या वस्तीतली कुठलीच मुलगी तोवर दहावीपर्यंत पोचली नव्हती. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली किसनरावांनी एक खिळा आधीच मारून ठेवला होता. विमलचं सर्टिफिकेट तिथं लावायचं. ती हुशार होती असं मी उगाच म्हणणार नाही. गणितात रडायची. पण चिवट होती, आणि पास होणार यात मला शंका नव्हती.

पेढे खाऊन आठवडा झाला नसेल, तोच किसनरावांना कागद आला. जन्म सहा जानेवारीचा असल्याने आपण एकतीस जानेवारीस सेवानिवृत्त होत आहात. क्वार्टर त्याच दिवशी खाली करावे.

त्या वर्षी त्यांची निवृत्ती होतीच. पण ती मेअखेर. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो, तशी पद्धत आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये. किसनरावांनी सगळा हिशेब मांडून ठेवला होता. मार्चमध्ये पोरीची परीक्षा, मेमध्ये आपण मोकळे, पावसाळ्याच्या तोंडावर गावी. आता एकदम जानेवारी. वस्तीचा हातपंप संक्रांतीच्या आधीच आटला होता. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायकांची पाळी सगळ्यांच्या शेवटी. विमलच्या आईला दमा, तिला घागर उचलायची नाही. म्हणजे पाणी आणायचं विमलनं, आणि अभ्यास केव्हा करायचा ते विचारायचं नाही.

मी म्हटलं, पोरीला माझ्याकडे ठेवा परीक्षेपर्यंत. किसनराव म्हणाले, "तुमच्या घरी ठिवायला माजी ना न्हाय, बाई. पर मग तिच्या माईनं काय प्यावं? म्या आनलं असतं पानी. पर हितं ह्या गुडघ्यानं जिना चढवंना मला." एवढ्यात विमल आतून चहा घेऊन आली, म्हणून आम्ही विषय बदलला.

त्या वर्षी असा कागद आणखी दोघांना आला होता. एकाला फंडाचे पैसे लवकर मिळणार म्हणून आनंदच झाला. दुसऱ्याचं शेत बागायती होतं, त्याला फरक पडला नाही. म्हणून बोंब अशी झालीच नाही. युनियनवाले बोनसमागे होते. आस्थापना विभागातल्या सगळ्यांना ठाऊक होतं की १/६ म्हणजे एक जून, पण ज्यांनी ते लिहिलं ते हेडक्लार्क वारले होते आणि बाकीचे परिपत्रकाला भीत होते. जो तो म्हणायचा, माकणीकर साहेबांनी एक शब्द लिहून दिला की झालं.

मी साहेबांकडे गेले. चपला काढल्या. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, हे कबूल केलं पाहिजे. मी कान धरायची सगळी गोष्ट सांगितली, त्यांना हसू आलं. मग मी किसनरावांचं नाव काढलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही माणसाकडे बघता. मला तारखेकडे बघावं लागतं." मी म्हटलं, तारखेकडेच बघा, ती एक जून आहे. त्यांनी टेबलाच्या खणातून पेढे वाटल्याचे कागद काढले आणि किसनरावांच्या सहीवर बोट ठेवलं. "सहा जानेवारी हा आपला वाढदिवस आहे असं मान्य करून त्यांनी पेढे घेतलेत. तुम्ही त्यांना विचारा, घेतले की नाही." एखाद्याने गोड म्हणून हातावर ठेवलेला पेढा पंधरवड्यात असा उलटेल, हे कुणाच्या डोक्यात येईल?

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. नंतर मैदानावर चहा होता. एम.डी. साहेब, म्हणजे कार्यकारी संचालक, आलेले. वयस्क, सभ्य माणूस, मशीनमधलं ओ का ठो न कळणारा आणि ते मान्य करणारा. किसनराव धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून त्यांच्यापुढे गेले. नेहमीसारखे मोठ्याने बोललेच नाहीत. म्हणाले, "साहेब, माजी नोकरी वाढवू नका. म्या मागत न्हाय. नुस्तं मे पस्तोर खोली ऱ्हाऊ द्या. पोरीची दहावी हाय."

एम.डी. साहेबांनी माकणीकर साहेबांना हाक मारली. ते रुमाल खिशात घालत आले. एम.डी.नी सरळ विचारलं, "माकणीकर, तारखेत काही चूक झालीय का? झाली असेल तर सांगा. होते चूक. आपण दुरुस्त करू."

यापेक्षा सोपं कुणी काय विचारू शकतं? दरवाजा सताड उघडून दिला होता त्या माणसाने. आम्ही सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघत होतो.

"चूक नाही, सर," ते म्हणाले. "आणि एकाची बदलायची तर सगळ्यांच्या बदलाव्या लागतील. त्यात उसाची बिलं थांबतील. ऐन हंगामात मी ती जबाबदारी घेणार नाही."

मग मला राहवलं नाही. मी बाई माणूस, शाळेतली, मला तिथं बोलायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, तुमचा वाढदिवस चोवीस नोव्हेंबर. केक खाल्लाय मी. चोवीस अकरा असं टाइप केल्यावर मशीननं ते कसं घेतलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम पांढरा पडला. मग हळूच म्हणाले, "ती वेगळी केस आहे."

"उलटी करून टाकली ना?"

एम.डी. साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलण्यातलं काहीतरी कळत होतं, पण पुरतं कळत नव्हतं. मी समजावून सांगायला लागले, तोवर माकणीकर साहेब म्हणाले, "सर, तांत्रिक बाब आहे. ऑफिसमध्ये दाखवतो आपल्याला." उसाची बिलं थांबतील हा धसका एम.डी.ना बसलेलाच होता. ते किसनरावांना म्हणाले, "बघतो मी." आणि चहाचा कप खाली ठेवून गाडीत बसले. त्यांना ऑफिसमध्ये काय दाखवलं ते मला माहीत नाही. एकतीस तारखेला सकाळी क्वार्टरपुढे ट्रॅक्टर उभा राहिला.

सामान फार नव्हतं. विमल दप्तर मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसली होती. किसनराव कुणाशी भांडले नाहीत, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. मी म्हटलं, हॉल तिकीट आलं की मी घेऊन येईन. विमल म्हणाली, "बाई, निबंध कोन्ता येईल?" मी तिला दोन-तीन विषय सांगितले.

हॉल तिकीट घेऊन मी वस्तीवर गेले, तेव्हा ती घरात नव्हती. विहिरीवर होती. उन्हात, रांगेच्या शेवटी, दोन घागरी पुढ्यात. हाताला घट्टे पडले होते. किसनरावांनी मला शब्द दिला, "पेपरच्या दिशी पाठीवतोच, बाई. काय बी झालं तरी." हॉल तिकीट हरवू नये म्हणून तुमच्याकडेच ठेवा म्हणाले. मी सेंटरवर गेटपाशी उभी राहायचं ठरलं.

पहिला पेपर मराठीचा. माझाच विषय. मी गेटवर उभी होते, हातात तिचं हॉल तिकीट. एसटी आली, पोरंपोरी उतरली, ती नव्हती. दुसरी आली, तिच्यातही नव्हती. घंटा झाली. गेट लावायला आलेला शिपाई माझ्या ओळखीचा होता. तो जरा थांबला, मी हायवेकडे बघितलं, मग त्याने गेट लावलं. आदल्या रात्री तिच्या आईला दम्याचा मोठा झटका आला होता आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता, हे मला संध्याकाळी कळलं. पहिला पेपर बुडाला की पोरी पुढच्या पेपरांना येत नाहीत. वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. मला बोलावलं होतं, मी गेले नाही. माझ्याने बघवलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात, हंगाम संपल्यावर, मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला. शोभाने मला सांगितलं, की त्याने बसल्या बसल्या एक ओळ टाइप केली. तारीख आपल्याकडच्या रीतीने वाच, एवढीच ती ओळ. मग त्याने विचारलं, की हे आधीच का नाही कळवलंत, मी पत्रानं सांगितलं असतं. साहेबांनी त्याला चहा मागवला. उलट्या पडलेल्या तारखा शोभाने आठवडाभरात सुलट्या केल्या, उसाचं एकही बिल न थांबता. पुढच्या वर्षी एक जूनवाले सगळे मेअखेरीलाच निवृत्त झाले. परिपत्रक कधी मागे घेतलं ते कळलंही नाही. दोन वर्षांनी साहेब मोठ्या पगारावर दुसऱ्या कारखान्यात गेले. निरोप समारंभात त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. त्या दिवशी मी मुद्दाम शाळेत जादा तास घेतला.

माणूस खुनशी नव्हता, असं काही जण म्हणतात. त्यांना किसनरावांचा राग नव्हता, जातीचंही काही नव्हतं, ते सगळ्यांशी सारखेच वागायचे. असेल. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. खुनशी माणूस निदान समोरच्याकडे बघतो. ह्यांनी किसनरावांकडे बघितलंच नाही. आपली चूक झाकलेली राहावी, एवढ्यासाठी एका पोरीची शाळा सुटली तर सुटू दे, हे त्यांनी चहाचा कप हातात धरून ठरवलं. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि तो राग वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं, तेही झालेलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते उमरग्याच्या बसस्थानकावर. मीही निवृत्त झाले होते, बहिणीकडून परत येत होते. बस लागलेली, मी खिडकीपाशी बसले होते. खाली एक वाकलेला म्हातारा औषधांची पिशवी घेऊन उभा होता. डोक्यावर केस राहिले नव्हते. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही कारखान्यावरच्या ना?" आवाजावरून ओळख पटली.

तब्येतीचं बोलले. मुलगा परदेशात असतो म्हणाले. मी हूं हूं करत होते. ड्रायव्हर चढला तशी त्यांनी घाई केली आणि खिडकीचा गज धरला.

"मॅडम, त्या दिवशी मैदानावर मला कळलं होतं. आधीही कळलं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, उद्या एम.डी. साहेबांना सांगून टाकतो. सकाळी चेअरमन आले. मग राहून गेलं."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"ती मुलगी. गायकवाडांची. ऑक्टोबरला बसली असेल ना ती परीक्षेला? बसतात बऱ्याच जणी."

"नाही," मी म्हटलं.

"मग नंतर कधीतरी? बाहेरून वगैरे?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. औषधांमुळे असेल किंवा खरं असेल. मी 'हो' म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. खोटं ठरवायला कुणी येणार नव्हतं. कंडक्टरने बेल मारली आणि बस हलली. ते गज धरून दोन पावलं बसबरोबर चालले, माझ्या तोंडाकडे बघत.

"नाही, साहेब. कधीच नाही," मी म्हटलं, आणि काच ओढून घेतली.